लग्न खरं आहे, पण जॉइंट अकाउंट नाही: व्हिसाच्या मुलाखतीला पुरावा म्हणून काय न्यायचं?

प्रश्न असा आहे: "मी ठाण्यात चरईत राहते, बँकेत नोकरी करते. डिसेंबर २०२३ मध्ये रीतसर पाहून-सवरून लग्न झालं. नवरा अमेरिकी नागरिक आहे, न्यू जर्सीला असतो. सासर ऐरोलीचं. लग्नानंतर तो पाच आठवडे इथे होता, मग २०२४ च्या गणपतीत दोन आठवडे आला. यंदा, २०२५ मध्ये, त्याला रजा मिळाली नाही. एकत्र राहणं झालं ते एवढंच. जॉइंट अकाउंट नाही, दोघांच्या नावावर घर नाही. आईच्या आजारपणामुळे मी बहुतेक दिवस माहेरीच असते. एका एजंटने चाळीस हजारांत मागच्या तारखेचा भाडेकरार आणि बाकी सगळी फाईल करून देतो म्हणून सांगितलंय. या नोव्हेंबरात बीकेसीला अमेरिकी कॉन्सुलेटमध्ये मुलाखत आहे. काय करू?"

आधी एजंटचा विषय संपवू. त्याला आजच नाही म्हणून कळवा. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घरभाड्याचा, करार नोंदवावाच लागतो, भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये तसं कलम आहे. नोंदणी झाली की करारावर क्रमांक आणि तारीख येते, आणि ती मागे नेता येत नाही. म्हणजे तो जे देणार ते एकतर नोंदणी नसलेलं कागदाचं भेंडोळं असेल, नाहीतर सरळ बनावट. असा कागद मुलाखतीत पकडला गेला, तर तुमचं खरं लग्नही तुम्हाला वाचवू शकत नाही. महत्त्वाची गोष्ट खोटी सांगून व्हिसा मागितला असा शेरा बसला, तर अमेरिकेत जायची बंदी आयुष्यभराची असते. तिच्यातून सुटका फक्त खास माफीच्या अर्जाने होते, आणि तो मंजूर होईलच असं नाही. लग्नच व्हिसासाठी केलं असा निष्कर्ष निघाला, तर पुढे कोणीही तुमच्यासाठी पिटिशन, म्हणजे तुम्हाला तिकडे नेण्याचा अर्ज, भरलं तरी मंजूर होत नाही. १९ वर्षांत मी दोनच घरांवर ही वेळ आलेली पाहिली. दोन्ही लग्नं खरी होती. त्या मुलींचे चेहरे अजून आठवतात.

मी वकील आहे ती इथली. अमेरिकी कायद्याचा गुंता असेल तर तिथला परवाना असलेला वकील गाठावा. पण कागद जमवणं, लावणं आणि मुलाखतीला माणूस तयार करणं हे काम मी करत आले आहे, कॉन्सुलेट ब्रीच कँडीला लिंकन हाउसमध्ये होतं तेव्हापासून. २०११ मध्ये ते बीकेसीत आलं.

तुमचं घोडं नेमकं कुठे अडलंय ते सांगते. आय-१३०, म्हणजे नवरा बायकोसाठी भरतो ते पिटिशन, त्याच्या सूचनांमध्ये पुराव्याची यादी आहे: दोघांच्या नावावरची मालमत्ता, एकत्र राहत असल्याचा भाडेकरार, एकत्र पैशांचा व्यवहार, मुलांचे जन्मदाखले, ओळखीच्या लोकांची प्रतिज्ञापत्रं. ती वाचली की इथल्या मुलींच्या तोंडचं पाणी पळतं. पण एका छपराखाली राहणाऱ्या जोडप्याकडे जे सहज असतं तेच त्या यादीत आधी येतं. तुम्ही एका छपराखाली नाही, कारण व्हिसाच मिळालेला नाही. हे मुंबईच्या अधिकाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. ठरवून केलेलं लग्न, महिनाभराची रजा आणि मग वर्ष-दोन वर्षांचा दुरावा त्याने ढिगाने पाहिलेला असतो. त्याला बघायचं असतं एवढंच की हे लग्न संसारासाठी झालं का, आणि दुराव्यातही तो संसार चालू आहे का.

म्हणून कागद गोळा करायच्या आधी एक वही घ्या आणि तारखा लिहा. स्थळ कोणी आणलं, पत्रिका कधी गेली, पहिला फोन कधी झाला, कांदेपोहे कुठे आणि कोणाकोणासमोर झाले, होकार कधी कळवला, साखरपुडा, केळवणं, हळद, लग्न, सत्यनारायण, तो परत गेला तो दिवस. मग पुढचा प्रत्येक महिना. नवऱ्याला तिकडे स्वतंत्रपणे हेच लिहायला सांगा आणि एका रविवारी दोघांनी फोनवर ताडून बघा. जिथे दोघांच्या आठवणी जुळत नाहीत तिथे फोटो किंवा मेसेज उघडून खरी तारीख शोधा. पाठांतर करू नका. आठवण ताजी झाली की उत्तर आपोआप सरळ येतं. वहीतल्या प्रत्येक ठळक नोंदीसमोर एक कागद आला की फाईल झाली. माझ्याकडच्या चांगल्या फाईली साठ-सत्तर पानांच्या वर जात नाहीत.

आता त्या नोंदींसमोर काय ठेवायचं. लग्नाचा करिझ्मा अल्बम घरीच ठेवा. त्यातले पंचवीस-तीस फोटो पुरे. एका पानावर दोन फोटो, खाली तारीख, ठिकाण आणि प्रत्येक माणूस तुमचा कोण लागतो ते. स्टेजवर उभं राहून काढलेल्या फोटोंपेक्षा विधींचे फोटो घ्या: कन्यादान, सप्तपदी, मंगळसूत्र घालताना. दोन्हीकडचे आई-वडील एका चौकटीत दिसतील असे निवडा. विवाह नोंदणीच्या अर्जावर ज्या तीन साक्षीदारांच्या आणि गुरुजींच्या सह्या आहेत, ती माणसं एखाद्या फोटोत दिसली तर फारच छान.

पण माझ्या मते तुमची खरी ताकद लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात आहे, आणि मुली नेमकी तीच फाईलबाहेर ठेवतात. "घरगुती आहे हो ते, ते कशाला दाखवायचं?" असं म्हणतात. तुमची पहिली संक्रांत जानेवारी २०२४ ची, आणि तुमच्या हिशोबाने नवरा तेव्हा इथेच असावा. काळी साडी, हलव्याचे दागिने, ऐरोलीच्या घरात हळदीकुंकवाला आलेल्या शेजारणी, आणि तुमच्या शेजारी हलव्याचा हार घालून बसलेला नवरा. हा फोटो कोणी व्हिसासाठी काढत नाही. त्या श्रावणातली मंगळागौर सासरी झाली असेल तर नवरा तेव्हा नव्हता, पण सासूबाईंनी व्हिडिओ कॉल लावलाच असेल. गणपतीत तो दोन आठवडे होता, म्हणजे त्याचे बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के आणि आरतीचे फोटो तिन्ही एका पानावर येतात. पहिल्या दिवाळसणाला त्याने पाठवलेली भेट, कुरिअरची पावती, त्यावर तुम्ही केलेला मेसेज. हे कागद एकापाठोपाठ एक लावले की सणावाराला सून म्हणून उभी असलेली बाई दिसते. भाडेकराराने ते दिसलं नसतं.

सणांचा अर्थ अधिकाऱ्याला ठाऊक असेलच असं धरू नका. फोटोखाली इंग्रजीत एक ओळ लिहा: लग्नानंतरची पहिली संक्रांत, सासरी साजरी करतात. तेवढंच.

फोन आणि चॅटबद्दल. लोक दोन वर्षांचं अख्खं चॅट छापून आणतात, आठशे पानं. कोणी वाचत नाही. दर महिन्याचं एक पान निवडा, त्यात रोजचं बोलणं असू द्या: आईचा रिपोर्ट आला का, गॅस बुक केलास का, तुझ्या मॅनेजरचं काय झालं. लाडीगोडीचे किंवा खासगी फोटो अजिबात नकोत. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट मात्र जरूर घ्या, कारण त्यात एक गोष्ट दडलेली असते जी बनवता येत नाही. न्यू जर्सी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. तुम्ही रोज सकाळी सातला लोकल पकडण्याआधी बोलत असाल, तर तिकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात. नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये त्यांची घड्याळं बदलली की तुमच्या फोनची वेळही तासाभराने सरकलेली दिसते. दोन माणसं एकमेकांच्या दिवसाशी जुळवून घेत जगतायत, हे त्या साध्या यादीत उमटतं. शक्य असेल तर त्या दोन महिन्यांची पानं शेजारी-शेजारी लावा.

मराठीतलं काहीही असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत हवं. लग्नपत्रिका, चॅट, जुना जन्मदाखला, सगळ्याला. भाषांतर करणाऱ्याने शेवटी लिहून सही करायची की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात. मी हे काम घरच्या माणसाकडून करून घेत नाही, बाहेरच्या कोणाकडून तरी करून घ्यावं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी चॅटही मराठीच, त्यालाही भाषांतर लागतं. हे बरेच जण विसरतात.

आता लग्नाच्या दाखल्यावर या, कारण घोटाळे इथे होतात. आपल्याकडे महापालिकेच्या प्रभाग कार्यालयातून १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली जो दाखला मिळतो, त्यात लग्न लागल्याची तारीख वेगळी आणि नोंदणीची तारीख वेगळी असते. नवऱ्याने आय-१३० मध्ये कुठली लिहिली आणि तुम्ही डीएस-२६० मध्ये, म्हणजे तुमच्या ऑनलाइन व्हिसा अर्जात, कुठली लिहिली, हे आज बघा. लग्नाची तारीख म्हणजे लग्न लागलं ती. शिवाय अमेरिकी पद्धतीत महिना आधी आणि दिवस नंतर येतो. पाच डिसेंबरचं बारा मे झालेलं मी अर्जात पाहिलंय. चूक सापडली तर घाबरू नका, आणि लपवूही नका. मुलाखतीच्या सुरुवातीलाच सांगा की अर्जात ही तारीख चुकली आहे, हा दाखला बघा.

याच विषयाला धरून एक गोष्ट, तुमच्यासाठी नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या घरांसाठी. फाईल लवकर लागावी म्हणून आधी नुसती नोंदणी उरकायची आणि खरं लग्न सहा महिन्यांनी हॉल मिळाल्यावर करायचं, ही सध्या सर्रास चाललेली पद्धत आहे. विशेष विवाह कायदा १९५४ खाली तीस दिवसांची नोटीस देऊन नोंदणी केली असेल, तर ते पूर्ण लग्न आहे, पुढचा समारंभ हा समारंभच. पण हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नाला विधी लागतात. विधी झालेच नाहीत आणि नुसता दाखला आणला, तर ते लग्नच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. त्या खटल्यातल्या जोडप्यानेही समारंभाआधीच दाखला करून घेतला होता. "लग्न कधी झालं?" असं खिडकीपलीकडून विचारल्यावर अशा मुली दोन तारखांमध्ये अडखळतात. दाखला कोणत्या कायद्याखालचा आहे ते माहीत करून घ्या आणि जे झालं तेच सांगा.

माहेरच्या पत्त्याचं तुम्हाला फार टोचतंय असं प्रश्नावरून वाटलं. टोचू देऊ नका. आय-१३० मध्ये तुमचा राहण्याचा पत्ता वेगळा विचारतात आणि दोघं शेवटचे एकत्र कुठे राहिलात तेही वेगळं विचारतात. दुसऱ्याचं उत्तर ऐरोली, सप्टेंबर २०२४. पहिल्याचं उत्तर चरई, जर तुम्ही तिथे राहत असाल तर. "सासरी राहते" असं लिहून ठेवलं आणि बँकेच्या पगारपत्रकावर, आधारवर चरई निघाली, तर एका निरर्थक गोष्टीवरून संशय ओढवून घ्याल. आईचं आजारपण हे कारण आहे आणि ते खरं आहे. हॉस्पिटलचे कागद सोबत ठेवा. त्या काळात नवऱ्याने पैसे पाठवले असतील तर बँकेची नोंद काढा, सासरे डबा घेऊन हॉस्पिटलला येत असतील तर सासूबाईंबरोबरचे त्या दिवसांचे मेसेज काढा. अडचणीच्या दिवसांत सासरची माणसं कशी वागली, हे संसाराचंच लक्षण आहे.

पैशांचं म्हणाल, तर आज घाईने उघडलेल्या जॉइंट अकाउंटने नुकसान होत नाही, पण फायदाही नावापुरताच. तुम्ही स्वतः बँकेत आहात, तुम्हाला माहीतच आहे की एनआरई खात्यात, म्हणजे परदेशस्थ भारतीयांच्या खात्यात, इथल्या पत्नीचं नाव 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने (पहिला खातेदार असेपर्यंत खातं त्याचंच) घालता येतं. खरोखर वापरणार असाल तर उघडा. त्याहून आधी बघा, तुमच्या पीएफला, ग्रॅच्युइटीला नॉमिनी कोण आहे? अजून बाबाच असतील तर बदलून घ्या. मुलाखतीसाठी नाही, लग्न झाल्यावर ते करायचंच असतं म्हणून. नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात आणि ४०१(के) मध्ये, म्हणजे तिकडच्या निवृत्तीच्या बचतीत, तुमचं नाव असेल तर त्याचा कागद मागवा.

आणि एक कागद आजच मागवा: त्याचं २०२३ आणि २०२४ चं टॅक्स रिटर्न. तिकडे ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल तर पूर्ण वर्षासाठी विवाहित धरतात. तुमचं लग्न डिसेंबर २०२३ चं, म्हणजे २०२३ चं रिटर्नही विवाहित म्हणूनच हवं, एकत्र किंवा स्वतंत्र. बायको इथे आहे म्हणून 'अविवाहित' अशी खूण करणारे नवरे मला दरवर्षी भेटतात. सॉफ्टवेअरने विचारलं, त्यांनी मागच्या वर्षीसारखंच पुढे ढकललं, बस. आणि तेच रिटर्न आय-८६४ बरोबर, म्हणजे तुमच्या आर्थिक हमीच्या कागदाबरोबर, त्याच अधिकाऱ्याच्या समोर जातं. एका पानावर लग्नाचा दाखला, दुसऱ्यावर 'अविवाहित'. तसं झालं असेल तर त्याने तिथल्या कर सल्लागाराकडून सुधारित रिटर्न भरावं आणि त्याची प्रत तुम्हाला पाठवावी. मुलाखतीआधी एवढं एक काम झालं तरी मला बरं वाटेल.

प्रतिज्ञापत्रं दोन किंवा तीन. ज्यांनी तुम्हाला एकत्र पाहिलंय त्यांची: स्थळ आणणारी मावशी, ऐरोलीची शेजारीण, त्याचा न्यू जर्सीचा मित्र. त्यात त्यांचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख आणि जन्मस्थळ हवं, आणि त्यांना हे कसं ठाऊक ते हवं. "हे आदर्श जोडपं आहे" असली वाक्यं काढून टाका. "गणपतीच्या तिसऱ्या दिवशी दोघं आमच्याकडे जेवायला आले होते," असं लिहिणारा माणूस हवा.

घरच्यांच्या मर्जीविरुद्ध, दोन-तीन मित्रांच्या साक्षीने ज्यांनी लग्न केलं त्यांच्याकडे हे फोटो नसतात. त्यांनी तसं सरळ सांगावं. घरचे का आले नाहीत, हे एका वाक्यात सांगता येतं, आणि मित्रांची प्रतिज्ञापत्रं अशा वेळी खूप कामाला येतात.

डीएस-२६० मध्ये मागच्या पाच वर्षांची सोशल मीडियाची खाती विचारतात, म्हणून हा अनुभव सांगते. डोंबिवलीकडची एक मुलगी आणि तिचा नवरा कॉलेजपासून एकत्र होते. सासरच्यांना प्रेमविवाह सांगायचा नव्हता, म्हणून फाईलमध्ये "मध्यस्थामार्फत स्थळ" असं गेलं. मुलाखतीत तिनेही तेच सांगितलं. तिच्या खात्यावर मात्र दोघांचे सहा वर्षांपूर्वीचे माळशेज घाटातले फोटो होते. २२१(जी) चा, म्हणजे व्हिसा तूर्त रोखल्याचा, कागद हातात पडला आणि आठ महिने गेले. प्रेमविवाह सांगितला असता तर ते जुने फोटोच सर्वांत उत्तम पुरावा ठरले असते. पाहून-सवरून झालेलं लग्नही लपवायचं कारण नाही. चाळीस मिनिटांच्या कांदेपोह्यांत होकार दिला असेल तर तसं सांगा, आणि का दिला तेही सांगा. "त्याने माझ्या आईला आधी विचारलं की तुमची तब्येत कशी आहे," असं काही तुमच्या मनात असेलच. ते तुमच्या शब्दांत आलं की पुरे.

पोलीस क्लिअरन्स, मेडिकल, फोटो, ठसे हे सगळं कॉन्सुलेटच्या सूचनेप्रमाणे करा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. मेडिकल ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच होतं आणि लसींचे जुने कागद बरोबर न्यायचे.

मुलाखतीच्या दिवशी फोन आत नेता येत नाही. "फोनमध्ये आहे, दाखवते," हे तिथे चालत नाही. जे दाखवायचं ते कागदावर. बॅगही नको, एक साधी पारदर्शक फाईल. मूळ दाखले वर, त्याखाली तारखेच्या क्रमाने पुरावा. ठाण्याहून कुर्ल्याला उतरून रिक्षा करणार असाल तर तासभर हाताशी ठेवा, बीकेसीच्या सकाळच्या रांगेचा काही नेम नसतो. आत काचेच्या खिडकीपाशी उभं राहून बोलायचं असतं, बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटंच. अधिकारी फाईल मागेलच असं नाही, आणि मागितली नाही म्हणजे काही बिघडलं असंही नाही. विचारतील ते साधं असतं: तो काय काम करतो, कोणाबरोबर राहतो, त्याची भावंडं किती, लग्नाला कोण आलं होतं, शेवटचे कधी भेटलात. इंग्रजीत अडखळत असाल तर मराठीत बोलायची सोय मागा. बँकेत काम करणाऱ्या मुलींना ते कमीपणाचं वाटतं, पण हा विषय मनातला आहे, मनातल्या भाषेत बोला. एखादी गोष्ट माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.

आता तुमच्या तारखेमुळे एक गोष्ट तुमच्या हातात आहे. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नसतील तर दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं. मग ते संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांत अट काढण्याचा अर्ज, आय-७५१, भरून संसाराचा पुरावा पुन्हा द्यावा लागतो. दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर थेट दहा वर्षांचं कार्ड. नोव्हेंबरात व्हिसा मिळाला तर त्यावर सीआर-१, म्हणजे सशर्त, असंच लिहिलेलं असेल. तिकीट डिसेंबरातल्या लग्नाच्या तारखेनंतरचं काढा, व्हिसाची मुदत संपायच्या आत, आणि तिथल्या विमानतळावर अधिकाऱ्याला दाखला दाखवून सांगा की दोन वर्षं झाली आहेत, नोंद आयआर-१, म्हणजे बिनशर्त, अशी करा. लग्नाचा मूळ दाखला त्या दिवशी हँडबॅगेत ठेवा, सामानात टाकू नका.